खात्यातली बाई

मालनने शोधपट्टीत ‘मु’ एवढंच टाइप केलं आणि तिची बोटं थांबली. तिला ‘मुडदुशी’ हा शब्द पाहायचा होता. टेबलावर कोकणातल्या माशांवरच्या पुस्तकाची प्रुफं पसरली होती, आणि लेखकाने या माशाचं नाव एका पानावर ‘मुडदुशी’ आणि दुसऱ्यावर ‘मुडदुसा’ असं लिहून ठेवलं होतं. पुढचं अक्षर दाबायच्या आतच पट्टीखाली एक आख्खी ओळ उघडली. ही ओळ मालननेच कधीतरी आधी विचारली असावी आणि संगणक तिला तिची आठवण करून देत असावा, अशा थाटात.

‘मुलिचा शाळेचा दाखला आई एकटी काढू शकते का’

मालनचा हात सवयीने पेन्सिलीकडे गेला. ‘ली’ दीर्घ हवा. मग तिच्या ध्यानात आलं की ही ओळ कागदावर नाही, आणि ती आपण विचारलेली नाही.

तिने ‘मु’ खोडलं. थोडा वेळ हात मांडीवर ठेवून ती बसून राहिली. मग नुसता ‘न’ दाबून पाहिला. ‘नाहूर एक खोली भाड्यानी बाई आणि मुल’. ‘क’ दाबला. ‘कोर्टात न जाता वेगळं राहता येतं का’. प्रत्येक अक्षरामागे कुणीतरी उभं असल्यासारखं वाटलं. तेवढ्यात पडद्याच्या कोपऱ्यात ती लाल चौकट आली, जी आठवडाभर येतच होती : तुमच्या संगणकात पाच व्हायरस सापडले आहेत, इथे दाबा. मालनने लॅपटॉपचं झाकण मिटलं आणि त्यावर प्रुफांचा गठ्ठा ठेवला.

अठ्ठावीस वर्षं तिने लालबागच्या एका छापखान्यात प्रुफं वाचली होती. छापखाना बंद झाला, नवरा गेला, ती मुलुंड पूर्वेच्या या दोन खोल्यांच्या घरात एकटी उरली. पण प्रकाशकांकडून काम येत राहिलं, आता मेलवर. चार वर्षांपूर्वी तिच्या मुलीने, दीप्तीने, याच टेबलाशी बसून एका दुपारी तिला मेलचं खातं काढून दिलं होतं. रंगीत चक्राचं एक चिन्ह दाखवून म्हणाली होती, “आई, तुला जे काय बघायचंय ते यातून.” मालनच्या लेखी ते चक्र म्हणजेच इंटरनेट. त्याला ब्राउजर म्हणतात आणि असे आणखीही ब्राउजर असतात, हे तिला याच आठवड्यात कळलं.

कळलं ते शेजारच्या जयंतीबेनकडून. दाराशी उभ्या उभ्याच त्या म्हणाल्या, “ते चक्र काढून टाक गं. माझा मिहिर सांगतो, कोल्हावाला टाक. सेफ असतो एकदम.”

“म्हणजे चक्र सेफ नाही?”

“ते मला काय माहीत? मी तर फोनमधला वापरते, त्याला चित्रच नाही कसलं.”

संध्याकाळी सात वाजता दीप्तीचा फोन आला. तो रोज सातला येई. चेंबूरच्या तिच्या घरी तेव्हा स्पीकर चालू असे, मागे नात जान्हवी पाढे म्हणत असे आणि जावई राजेश मधूनमधून बोलण्यात भाग घेत असे. मालनला त्याचं कौतुक होतं. आपल्या वेळी कुठला जावई सासूशी रोज बोलत होता? तिने लाल चौकटीचं सांगितलं. त्या ओळींचं सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. खोली, कोर्ट, वेगळं राहणं, हे शब्द जावयासमोर कसे उच्चारायचे?

“घाबरू नका आई,” राजेश म्हणाला. “फक्त बाहेरच्या कुणाला हात लावू देऊ नका. मी रविवारी येतो आणि सगळं चेक करतो. हिस्टरी, पासवर्ड, सगळं.”

“कशाला आई त्याला एवढ्या लांब,” दीप्ती घाईने म्हणाली. “एकच रविवार मिळतो.”

“अगं, आईंचं काम आहे,” राजेश म्हणाला, आणि विषय तिथे संपला.

रविवार सहा दिवसांवर होता आणि प्रुफं शुक्रवारी द्यायची होती. मंगळवारी मालनने चष्मा पुसला आणि स्वतःच तो कोल्हा शोधून लॅपटॉपवर घेतला. त्याने पहिलाच प्रश्न विचारला : जुन्या ब्राउजरमधलं सगळं इकडे आणायचं का? सगळं म्हणजे काय, ते त्याने सांगितलं नाही. शब्दकोशांची पानं तिने तिकडे खुणा करून ठेवली होती, ती हरवतील या भीतीने तिने ‘हो’ दाबलं. पट्टी हलली, भरली. मग तिने जपून ‘मु’ टाइप केलं.

कोल्ह्यातही ती बाई आली होती.

आता मालन तिला ‘ती बाई’च म्हणू लागली होती, मनातल्या मनात. भूत नाही, चोर नाही. चोर कशाला दाखल्याची चौकशी करील? दुपारी हातात प्रूफ घेऊन ती बसली, पण मन लागेना. या बाईला एक मूल आहे. मुलगी. तिला नाहूरला खोली हवी आहे, म्हणजे त्या बाजूला ओळखीचं कुणी असेल. शुद्धलेखन कच्चं आहे. बोलायला कुणी नाही, नाहीतर एवढं सगळं यंत्राला का विचारील? सुरमईच्या परिच्छेदावर दोन चुका तिच्या नजरेतून सुटल्या. त्या तिला बुधवारी सकाळी सापडल्या, आणि तिने लॅपटॉप पिशवीत घालून नाहूर गाठलं.

स्टेशनजवळच्या एका अरुंद गाळ्यात संघमित्रा कम्प्युटर दुरुस्त करी. पस्तिशीची, केस घट्ट बांधलेली, तोडून बोलणारी. तिने लॅपटॉप उघडला, लाल चौकट आली तशी हसली.

“काकू, हा व्हायरस नाही. रेसिपीची साइट बघितली होती का? तिथे ‘परवानगी द्या’ म्हणून विचारलं असणार, तुम्ही हो म्हटलं. आता ती साइट रोज तुमच्या दारात येऊन ओरडते.” तिने दोन ठिकाणी क्लिक केलं. “गेली.”

“एवढंच?”

“एवढंच. आणि अपडेट लावलेलं नव्हतं आठ महिने, ते लावते. ब्राउजर कुठला का असेना, अपडेट आलं की घ्यायचं. उद्या-परवा करत बसायचं नाही.”

दुसरी गोष्ट कशी सांगावी हे न सुचून मालनने काउंटरवरचा एक स्क्रू सरळ केला. मग म्हणाली, “मी न विचारलेलं त्यात येतं.”

संघमित्राने हिस्टरी उघडली. एकाखाली एक ओळी, शेजारी तारखा, वेळा. ती वाचत खाली गेली आणि तिचं हसू गेलं. मग तिने खात्याच्या पानावर जाऊन एक यादी काढली.

“तुमच्या खात्यात दोन ठिकाणांहून माणूस आत आहे. एक हा लॅपटॉप. दुसरा एक फोन.” तिने फोनच्या कंपनीचं आणि मॉडेलचं नाव वाचलं. “तुमचा आहे?”

“माझा नाही. पण हे नाव...” मालनला तो निळा फोन आठवला. “माझ्या मुलीचा असा होता. तिनेच खातं काढून दिलेलं. पण तो केव्हाच गेला. दोन वर्षांपूर्वी जावयांनी नवीन घेऊन दिला, जुना विकून टाकला म्हणाले.”

“मग झालं. फोन विकताना लोक खातं काढत नाहीत. ज्याने घेतला त्याच्याकडे तुमचं खातं राहिलं. तो तिथे जे शोधतो ते तुम्हाला इथे दिसतं.” संघमित्रा थांबली. “तरी मुलीला एकदा विचारून घेता का?”

“तिला काय विचारायचं?”

“तिच्याकडेच असला तर.”

“तिचं असलं काही नाही,” मालन म्हणाली. तिचा आवाज तिलाच जरा चढा वाटला. “तिचं सगळं छान आहे.”

संघमित्राने मान हलवली. “काढू मग?”

पडद्यावर बाण त्या फोनच्या नावावर थांबला होता. मालनला वाटलं, ही बाई आता कुणाला विचारील? पण हे असं वाटणं बरोबर नव्हतं. दुसऱ्याचं खातं वापरू नये.

“काढ,” ती म्हणाली.

संघमित्राने तो फोन बाहेर काढला, नवा लांबलचक पासवर्ड करायला लावला, आणि मालनचा स्वतःचा फोन खात्याला जोडून दिला. “आता कुणी आत यायला बघितलं तर तुमच्या फोनवर विचारणा येईल. तुम्ही नसाल तर ‘नाही’ दाबायचं. कुणीही काहीही सांगू दे.”

गुरुवारी दुपारी पावणेतीनला मालनचा फोन थरथरला. कोणीतरी तुमचं खातं परत मिळवण्याचा प्रयत्न करत आहे. तुम्हीच आहात का? खाली दोन बटणं : ‘हो, मीच आहे’ आणि ‘नाही, मी नाही’. मालन खुर्चीत ताठ बसली. यंत्राने आपल्याला कधी नव्हे तो सरळ प्रश्न विचारला होता आणि त्याचं उत्तर आपल्याला येत होतं. तिने ‘नाही’ दाबलं. शुक्रवारी दोन पस्तीसला तोच प्रश्न पुन्हा आला. या वेळी तिने चष्मासुद्धा शोधला नाही. नाही.

प्रुफं वेळेवर गेली. सातला दीप्तीचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर तिने विचारलं, “आई, तुझा कम्प्युटर कसा आहे गं आता?”

दीप्तीने याआधी कधी हे विचारलं नव्हतं. मालन खुलली. “एकदम व्यवस्थित. तुला सांगते, माझ्या खात्यात कोणीतरी शिरलं होतं. हाकलून दिलं. काल आणि आज परत यायला बघत होतं, दोन्ही वेळा मी नाही दाबलं.”

 जान्हवी तेराचा पाढा म्हणत होती, तो थांबल्यासारखा वाटला.

“बरं केलंस,” दीप्ती म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, “बरं केलंस आई.”

“कोण शिरलं होतं?” मागून राजेशचा आवाज आला. “असो, मी बघतो रविवारी.”

फोन ठेवून मालन भाकरीचं पीठ मळायला लागली, तेव्हा दीप्तीचा मेसेज आला. हात पुसून तिने तो उघडला.

‘आई रविवारी राजेश एकटाच येइल. मुलिची परिक्षा आहे सोमवारी. मी येत नाही.’

मालनने मनातल्या मनात तीन दुरुस्त्या केल्या. येईल. परीक्षा. मुलीची. चौथीत असताना हीच चूक दीप्तीने निबंधात सात वेळा केली होती आणि तिने तिला ‘मुलीची’ हा शब्द पन्नास वेळा लिहायला बसवलं होतं. पन्नास वेळा लिहूनही एकावन्नाव्या वेळी पोरीने ‘मुलिची’च लिहिलं होतं, आणि नवरा हसून म्हणाला होता, राहू दे, तिची ती लिपी आहे.

पिठाचा हात फोनला लागला तरी तिला कळलं नाही.

ती टेबलाशी गेली, लॅपटॉप उघडला. जुन्या ओळी अजून होत्या. तिने या खेपेला त्या प्रूफ वाचतात तशा, एकेका अक्षरावर नजर ठेवून वाचल्या. मुलिचा. मुल. भाड्यानी. आइच्या नावावर. मग शेजारच्या वेळा पाहिल्या. सोमवार ते शुक्रवार अडीच ते पावणेतीन. शनिवारी अकरा, सव्वाअकरा. जान्हवीची शाळा रोज पावणेतीनला सुटत असे आणि शनिवारी सव्वाअकराला, हे तिला दीप्तीनेच सांगितलं होतं. तिला आणायला दीप्ती जात असे. घराबाहेर ती एवढ्यासाठीच पडत असे, हे मात्र तिने कधी सांगितलं नव्हतं. ते मालनला आता वेळा वाचताना दिसलं.

तिने फोन उचलला आणि दीप्तीचा नंबर काढला. मग स्पीकर आठवला. मेसेज लिहायला घेतला आणि तोही पुसला. तो वाचणारं दुसरं कुणी असेल का, हा प्रश्न तिला आयुष्यात पहिल्यांदा पडला होता. गॅसवर तवा तापून धूर येऊ लागला तेव्हा ती उठली.

शनिवारी सकाळी तिने रिक्षा केली ती थेट चेंबूरपर्यंत. एवढ्या लांब ती रिक्षाने कधी गेली नव्हती. शाळेच्या फाटकासमोर आयांचा घोळका जमायला लागला होता. त्यात दीप्ती नव्हती. फाटकाच्या डाव्या हाताला एक झेरॉक्सचं दुकान होतं. मालनने आत डोकावलं. यंत्रामागच्या स्टुलावर दीप्ती पाठमोरी बसली होती आणि तिच्या हातात तो निळा फोन होता. कडेची काच तडकलेली, पण तोच. दुकानातल्या पोक्त बाईने मालनकडे पाहिलं, मग दीप्तीकडे, आणि विचारलं, “काय हवंय?”

दीप्तीने मागे वळून पाहिलं. फोन ओढणीखाली गेला.

“आई? तू इथे कशी?”

“दुपारी दोनदा माझ्याकडे आलीस,” मालन म्हणाली. “तूच होतीस ना?”

 दीप्तीचा चेहरा मालनला घरच्या फोनमधल्या आवाजापेक्षा किती तरी जुना वाटला. ती म्हणाली, “मला वाटलं, तुला कळलंय. कळूनच नाही म्हणतेयस.”

“मला काहीही कळलं नव्हतं.”

“मग इथे कशी आलीस?”

“तू शोधलेलं मला तिकडे दिसत होतं. सगळं.”

दीप्तीने डोळे मिटले. “मला माहीत नव्हतं ते दिसतं म्हणून.” मग हळू, भराभर, फाटकाकडे एक नजर ठेवून ती बोलत गेली. जुना फोन विकला असं तिने राजेशला सांगितलं होतं, तो या वनमालाताईंकडे ठेवलाय. इथलं वायफाय त्या देतात. नव्या फोनवर राजेश रोज रात्री सगळं बघतो, काय शोधलं, कुणाशी बोललं, कुठे गेली. सेफ्टीसाठी म्हणतो. नवं खातं काढायचं तर नंबर लागतो आणि ओटीपी त्यालाही दिसतात. आईचं खातं या फोनमध्ये आधीपासून होतं. “कागदांचे फोटो त्यात ठेवलेत मी. जान्हवीचा जन्माचा दाखला, लग्नाचं सर्टिफिकेट. सोमवारी अकराला बायकांच्या सल्ला केंद्रात बोलावलंय, ते घेऊन यायला सांगितलंय. आणि बुधवारी एकदम सगळं बंद झालं.”

“हात उगारतो?”

“नाही.” दीप्तीने थोडा विचार केला. “त्याची गरजच पडत नाही त्याला.”

 वनमालाताईंनी दुसरं स्टूल पुढे सरकवलं आणि गिऱ्हाईक नसतानाही यंत्र चालू करून कोरे कागद काढायला लागल्या. त्या घरघरीत बाहेरच्यांना काही ऐकू जाणार नव्हतं.

“माझ्याकडे आतली खोली असताना तू नाहूरला खोली कशाला बघतेस?”

 दीप्तीच्या आवाजात राग नव्हता. “मागच्या वेळी चार दिवस राहिले होते तुझ्याकडे. चौथ्या दिवशी तूच त्याला फोन केलास, घेऊन जा म्हणून. नाहूरला असले तर तुला सांगावं लागलं नसतं, पण तू जवळ असतीस.”

दोन वर्षं झाली त्याला. दिवाळीच्या आधी. दीप्ती गप्प गप्प होती आणि मालनला वाटलं होतं, नवरा-बायकोचं काहीतरी, दोन दिवसांत मिटेल. राजेश गाडी घेऊन आला, पाया पडला, आणि तिने त्यांना चकल्यांचा डबा बांधून दिला होता. गाडीत बसताना दीप्तीने वळून पाहिलं होतं का? आठवेना.

“हो,” मालन म्हणाली. “मीच केला होता.”

 माफीचे शब्द तिने हजारो पानांवर वाचले होते, त्यांतला एकही तोंडावर येईना. ती पुढे वाकली आणि नवा पासवर्ड दीप्तीच्या कानात सांगितला, दोनदा, अंक वेगळे करून. “टाक. आत्ता टाक.”

दीप्तीने टाकला. मालनच्या पर्समध्ये फोन थरथरला. तिने चष्मा लावला, पडदा डोळ्यांजवळ धरला. तुम्हीच साइन इन करत आहात का? दोघींच्या गुडघ्यांत वीतभर अंतर होतं. तिने ‘हो, मीच आहे’ दाबलं.

“आलं,” दीप्ती म्हणाली. “सगळं आहे.”

घंटा झाली. दीप्ती चटकन उठली, फोन वनमालाताईंच्या हातात दिला, केस सारखे केले. “आई, जान्हवीला तू दिसू नकोस. ती घरी जाऊन सांगेल. तिचा दोष नाही, लहान आहे.”

“सोमवारी केंद्रातून कुठे जाणार?”

दीप्ती दाराशी थांबली.

“तिथून जान्हवीला घे आणि सरळ घरी या,” मालन म्हणाली. “दोघी.”

मालन यंत्राच्या मागे सरकली. तिथून तिला काचेतून फाटक दिसत होतं. जान्हवी दप्तर एका खांद्यावर घेऊन धावत आली, आईला काहीतरी दाखवू लागली, बहुतेक पडलेला दात. मालनने काचेवर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

परतताना ती नाहूरला उतरली. संघमित्रा एका पंख्याची धूळ काढत होती.

“घरचंच कुणी माझ्या लॅपटॉपवर बसलं,” मालनने विचारलं, “तर त्याला काय काय दिसेल?”

संघमित्राने तिच्याकडे जरा वेळ पाहिलं. मग काही न विचारता खुर्ची ओढली. “बसा काकू. तुमच्या हातानेच करा, म्हणजे लक्षात राहील.” तासाभरात मालन हिस्टरी पुसायला शिकली, दुसऱ्याला दाखवण्यापुरती ब्राउजरमध्ये वेगळी, रिकामी जागा करायला शिकली, खात्यातून बाहेर पडायला शिकली. निघताना संघमित्रा म्हणाली, “सगळं बघून झालं की पासवर्ड मागतात. तेवढा द्यायचा नाही.”

रविवारी दहा वाजता राजेश आला. सफरचंदं घेऊन आला, पाया पडला. लॅपटॉपसमोर बसून तो एकेक खिडकी उघडत गेला आणि मालन ओट्याशी पोहे परतत त्याच्या पाठीकडे पाहत राहिली. त्याचा शर्ट नेहमीसारखा कडक इस्त्रीचा होता. इतकी वर्षं तिला त्याची ही टापटीप आवडत आली होती.

“हिस्टरी रिकामी आहे,” तो म्हणाला.

“दर आठवड्याला पुसायची, असं सांगितलंय मला.”

“कोणी?”

“नाहूरला एक बाई आहे दुकानात.”

“मी म्हटलं होतं ना, बाहेरच्याला देऊ नका.” पण तो हसला. “काम चांगलं केलंय पण. अपडेट आहे, सगळं बंद आहे. पासवर्ड काय ठेवलाय?”

“लांब आहे.”

“मला सांगून ठेवा. तुम्ही विसरलात तर पंचाईत होईल.”

“मी विसरत नाही,” मालन म्हणाली.

राजेशने खुर्ची वळवली. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, थोडं नवल होतं. “बरं, दीप्तीला तरी सांगा. घरात कुणाला तरी माहीत पाहिजे.”

“तिला कशाला त्रास?” मालनने पोह्यांवर खोबरं पेरलं आणि ताटली त्याच्यापुढे ठेवली.

तो खात असताना त्याची नजर आतल्या खोलीकडे गेली. पलंग भिंतीपासून ओढलेला होता. कपाटातली जुनी प्रुफं गठ्ठे बांधून बाहेर, मोरीच्या दारापर्यंत रचलेली होती, आणि दोन कप्पे पुसून उघडे ठेवले होते.

“आत काय काढलंय?”

“सगळंच आवरायला घेतलंय. झुरळं झाली होती. उद्या माणसं येणार आहेत.”

“सोमवारी? किती वाजता?”

“अकराच्या पुढे येतील म्हणाले.”

“नीट करून घ्या,” राजेश चमचा ठेवत म्हणाला. “हे लोक वरवर करतात आणि मग चार दिवसांनी पुन्हा तेच.”

“हो,” मालन म्हणाली. “मागच्या वेळी तसंच झालं होतं.”

आणि तिने त्याला चहा ओतून दिला.